सोफासेटांचा सप्ताह

नगरला वर्षातून एकदा, दिवाळीच्या तोंडावर, सोफ्याचं वेड लागायचं. शहरातल्या फर्निचरवाल्यांनी मिळून 'गृहसजावट सप्ताह' नावाचं एक खूळ काढलं होतं. सात दिवस दुकानांवर रंगीत दिव्यांच्या माळा, टांग्यावर भोंगा, आणि एका मोकळ्या मैदानावर भला मोठा मांडव. मांडवात दोन्ही बाजूंना गाळे आणि प्रत्येक गाळ्यात एक खोटी खोली. भिंत हार्डबोर्डाची, भिंतीतली खिडकी रंगवलेली, खिडकीतून दिसणारं तळंही रंगवलेलं. टेबलावर प्लास्टिकची द्राक्षं. समोर दोरी बांधलेली, आणि दोरीच्या अलीकडे आम्ही नगरकर, पोरंबाळं कडेवर घेऊन, हात मागे बांधून उभे. देवळात धक्काबुक्की करणारी माणसं इथे मात्र दिवाणासमोर कशी शहाण्यासारखी रांग लावायची. नमस्कार तेवढा राहिलेला असायचा.

एका गाळ्यात तर त्यांनी शेकोटी केली होती. इंग्रजी सिनेमात साहेब लोकांच्या भिंतीत असते तशी. पुठ्ठ्याच्या विटा, आत लाल बल्ब, वर दोन पितळी हरणं. नगरच्या उन्हात वाळत घातलेल्या माणसाला घरात शेकोटी कशाला हवी, हे कुणी विचारलं नाही. उलट तिथेच गर्दी जास्त. 'थंडीत बरं पडेल,' असं एक वकील आपल्या बायकोला सांगताना मी स्वतः ऐकलं आहे.

मी सांगतो आहे ते वर्ष बहात्तरचं, म्हणजे दुष्काळाचं. खेड्यांतल्या विहिरींचे तळ दिसत होते, बैल छावणीत गेले होते आणि माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. रेशनवर अमेरिकन ज्वारीचा लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी गिळायला पाणी लागायचं आणि पाणीच नव्हतं. आणि त्याच वर्षी मांडवाच्या दाराशी त्यांनी कारंजं उडवलं. 'घरातील अंगणात छोटे कारंजे असल्यास मन प्रसन्न राहते' अशी पाटी वर. टँकरनं पाणी आणून ते कारंजं उडवत होते. लोक त्यात हात बुडवून तोंडावरून फिरवत होते.

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत नवा कारकून होतो. माळीवाड्यात भाड्याची खोली, तीत एक लोखंडी खाट, एक स्टूल, एक स्टोव्ह. आणि रोज संध्याकाळी कचेरी सुटली की मी मांडवात जायचो. हसायला जातो, असं मी स्वतःला सांगत असे. ते काही खरं नव्हतं. कुठल्या सोफ्याला पाय तिरके असतात, रेक्झिन आणि कापड यांत काय फरक, टीपॉयवर काच असावी की सनमायका, हे सगळं मला पाठ झालं होतं. खोलीत दोन माणसं बसली तर तिसऱ्याला उंबऱ्यावर बसावं लागत होतं आणि मी सोफ्याच्या रंगावर मत बनवत होतो. त्या दोरीमागच्या गर्दीची टिंगल करायला मी कमी करत नाही, पण त्या गर्दीत माझं डोकं पहिल्या रांगेत होतं.

त्या सप्ताहाच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. पारनेर तालुक्यातल्या एका गावाचे सुतार. डोक्याला मळका पटका, खांद्याला हत्यारांची पिशवी, काखेत घडी केलेलं पोतं. खाटेवर न बसता ते खाली भिंतीला टेकून बसले आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "गावात काम न्हाई. बैलच न्हाईत तर नांगर कुनाचा मोडायचा? तुजी आई गेल्या महिन्यापास्नं खडीवर जाती. मी आठ दिस हितं बघतो. कुना फर्निचरवाल्याकडं लागलं काम तर लागलं. न्हाईतर मग खडीच्या मस्टरवर नाव घालायचं."

मी म्हणालो, "आई जातेच आहे ना. तुम्हीही गेलात तर काय बिघडलं?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "ह्यो हात घनाला लागला की मनगट जातं. मग वाकस सरळ पडत न्हाई. उद्या पाऊस आला, लोक नांगर घिऊन दारात आले, तर मी काय त्यास्नी खडी फोडून दिऊ?"

वाकस म्हणजे सुताराचं तासायचं हत्यार. आबांचा वाकस सूत धरल्यासारखा पडायचा, हे पंचक्रोशीत माहीत होतं. खडीवर सहा महिने गेले असते तर तो हात गेला असता, हे त्यांना ठाऊक होतं आणि आता मलाही ठाऊक झालं. म्हणून मी कपडे चढवले आणि त्यांना घेऊन बाहेर पडलो.

त्या एका दिवसात आम्ही सगळं नगर पालथं घातलं. कापडबाजारातून दिल्ली दरवाज्याकडे, तिथून स्टेशन रस्त्यानं परत. सप्ताहाची तयारी चालू होती, त्यामुळे प्रत्येक दुकानदार शिडीवर चढून माळा लावत होता किंवा खाली उभा राहून शिडीवरच्याला शिव्या देत होता. पहिल्या दुकानात शिरताना मालकानं विचारलं, "हे कोण?" आणि मी म्हणालो, "आमच्या गावचे सुतार आहेत."

वडील म्हणालो नाही. सहज निघून गेलं तोंडातून, असं म्हणायची सोय नाही. कचेरीत मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझे वडील ठेकेदार आहेत. का सांगितलं होतं? कुणी विचारलंही नव्हतं. डबा खाताना एकानं आपले वडील मामलेदार होते म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं आपले वकील, आणि माझी पाळी आल्यावर माझ्या तोंडातून ठेकेदार बाहेर पडले. एकदा बाहेर पडल्यावर त्यांना सांभाळणं आलं. नगर काही मोठं गाव नव्हतं, दुकानात कुणीही ओळखीचं निघालं असतं. आबांनी 'आमच्या गावचे' हे ऐकलं. पुढच्या दुकानात तेच म्हणालो, तेव्हा त्यांनी मान डोलावली, जणू बरोबरच आहे.

काम मात्र मिळेना, आणि त्यात थोडा दोष आबांचाही होता. दुकानात शिरलं की ते मालकाशी बोलायच्या आधी समोरची खुर्ची उचलून उलटी करायचे. वरून ते काही बघतच नसत. खालून सांधे बघायचे, बोटाच्या पेरानं फळीवर ठोकायचे आणि मोठ्यांदा सांगायचे.

"ह्याच्या आत भुसा हाय."

"प्लाय आहे तो, बाबा. मुंबईचा माल आहे," दुकानदार म्हणायचा.

"मंबईचा भुसा. आन् ह्या सांध्याला नुसता सरस लावलाय जी. दोन मानसं बसली की बोलाया लागंल ही."

गिऱ्हाइकांसमोर हे. दुकानदाराचा चेहरा उतरायचा आणि तो मला विचारायचा, सनमायका बसवता येतो का यांना? पॉलिश? फोम कापता येतो? आबांना यातलं काही येत नव्हतं. त्यांना नांगर येत होता, तिफण येत होती, पाळणा येत होता, दरवाजाची चौकट येत होती. एका दुकानदारानं तर हसून विचारलं, "नांगर ठेवायचा का मग दिवाणखान्यात?" त्यावर दुकानातली चार माणसं हसली. मीही हसलो.

सोमवारपासून मी कचेरीत आणि आबा मोकळे. ते दिवसभर मांडवात जाऊन बसायचे आणि मी कचेरीतून तिथे पोचायच्या आत खोलीवर परतायचे. रात्री भाकरी खाता खाता सांगायचे. आज तिसऱ्या गाळ्यातली खुर्ची बसवली. आज त्या लाल दिव्याच्या शेकोटीशेजारचा दिवाण डुगडुगत होता, त्याला पाचर मारली. माझं लक्ष नसायचं. मी 'हं' म्हणायचो. म्हाताऱ्याचा वेळ जातोय, असं वाटायचं. दरम्यान त्यांनी माझ्या खोलीचं दारही बसवलं होतं. ते आधी उचलून लावावं लागे. ते आता एका बोटानं लागतं, हे माझ्या चार दिवसांनी ध्यानात आलं.

मांडवात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. दिवसभर हजारो माणसं त्या सोफ्यांवर बसून बघत होती. दोरी नुसती नावाला. जरा ओळख निघाली की माणूस दोरीखालून आत. सरसावर उभा असलेला मुंबईचा माल तिसऱ्या दिवशी बोलायला लागला. तेव्हा हा पटकेवाला म्हातारा पिशवी घेऊन यायचा, न विचारता खुर्ची उलटी करायचा, बाभळीची पाचर तासून सांध्यात बसवायचा आणि पुढच्या गाळ्यात जायचा. प्रत्येक गाळेवाल्याला वाटायचं, हा मांडव घालणाऱ्यांनी ठेवलेला माणूस. मांडववाल्यांना वाटायचं, हा गाळेवाल्यांपैकी कुणाचा तरी. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. नगरच्या त्या हुशार व्यापाऱ्यांना फुकट होणाऱ्या कामाची चौकशी करण्याची सवय नसावी.

आणि आबांना वाटत होतं, काम लागलं.

हे समजायला आमच्या गावची रीत माहीत हवी. आमच्याकडे सुतार मजुरी ठरवून काम करत नसे. वर्षभर ज्याचं जे मोडेल ते जोडायचं. विचारायचं नाही, ठरवायचं नाही, नाही म्हणायचं नाही. सुगी झाली की पोतं घेऊन एकेका खळ्यावर जायचं आणि शेतकऱ्यानं आपल्या हातानं त्यात वाटा घालायचा. मागणं त्यात नव्हतंच. सुतार पोतं उघडून खळ्याच्या कडेला उभा राहिला की झालं. उलट मागितलं तर शेतकऱ्याचा अपमान. आबांनी आयुष्यात कधी तोंड उघडून वाटा मागितला नव्हता आणि कुणी त्यांना रिकामं पाठवलं नव्हतं. त्यांनी मांडव पाहिला, ओळीनं गाळे पाहिले, डुगडुगणाऱ्या खुर्च्या पाहिल्या, आणि हे एक नवं गाव आपल्या वाट्याला आलं असं धरून चालले. सप्ताह म्हणजे या गावचं वर्ष. सप्ताह संपला की सुगी.

तिकडे कचेरीत आमच्या साहेबांना सोफा घ्यायचा होता. साहेब पुण्याचे. नगरला बदली झाल्याचं दुःख ते रोज बोलून दाखवत. त्यांना कुणीतरी सांगितलं की फर्निचरमधलं मला कळतं. मीच सांगितलं असेल. बुधवारी संध्याकाळी ते मला आणि बाईसाहेबांना घेऊन मांडवात आले, तर तिथे मुंबईच्या एका सजावटतज्ज्ञाचं भाषण चालू होतं. घराच्या भिंतींना पिवळा रंग असावा की निळा, याचा माणसाच्या स्वभावावर होणारा परिणाम. समोर दोनशे माणसं टिपणं घेत होती, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी शेणानं सारवलेली भिंत असेल. बाईसाहेबांनी सगळे सोफे बसून पाहिले, म्हणजे थोडं वर उडून पुन्हा बसून पाहिले. साहेब स्पंजात बोट खुपसून ते किती वेळात वर येतं ते बघत होते. मी बाईसाहेबांची पर्स धरून उभा होतो आणि मध्येच 'हा जास्त भारदस्त वाटतो' असं म्हणत होतो. ठरलं काही नाही. रविवारी, शेवटच्या दिवशी, पुन्हा यायचं ठरलं.

रविवारी दुपारी आबांनी पटका झटकून नीट बांधला, घडीचं पोतं काखेत मारलं आणि निघाले.

"कुठं?" मी विचारलं.

"वाटा आनाया."

मला वाटलं, रेशनच्या दुकानात निघाले असतील. मी आरशात भांग पाडत होतो.

पाचच्या सुमाराला मी साहेब आणि बाईसाहेबांबरोबर मांडवातल्या सगळ्यात मोठ्या गाळ्यात उभा होतो. गाळ्याचा मालक स्वतः हजर होता. जाड चष्म्याचा, पांढऱ्या टोपीचा म्हातारा शेठ. बाकीच्या गाळ्यांतल्या टाय लावलेल्या विक्रेत्यांसारखा तो बडबडत नव्हता. बाईसाहेबांचं हिरवा की चॉकलेटी हे चाललं होतं. तेवढ्यात मांडवाच्या पलीकडच्या टोकाला मला आबा दिसले.

ते पहिल्या गाळ्यासमोर उभे होते. पोतं उघडून, दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून, गप्प. गाळ्यातल्या विक्रेत्यानं वर पाहिलं, 'पुढे व्हा, पुढे व्हा' म्हणत हात हलवला. आबांना ते कळलं नसावं. ते जरा थांबले, मग पुढच्या गाळ्यासमोर गेले आणि तसेच उभे राहिले. तिथे एकानं सोफ्याच्या पायांना गुंडाळलेली रद्दी चुरगळून पोत्यात टाकली. आजूबाजूचे हसले. आबांनी पोत्यात वाकून पाहिलं, रद्दी बाहेर काढली, बाजूला ठेवली आणि पुढे आले. तिसऱ्या गाळ्यापाशी एका बाईनं आपल्या मुलीच्या हातातला उरलेला चिवड्याचा पुडा त्या पोत्यात टाकायला लावला. मुलीला पुण्य लागावं म्हणून असेल.

दुसऱ्या गाळ्यापाशीच माझ्या ध्यानात आलं होतं. सगळं एकदम कळलं. आठ दिवस मी 'हं' म्हणून जे ऐकलं होतं ते सगळं. मला धावत जाता आलं असतं. आबा, चला, असं म्हणून त्यांचा हात धरून बाहेर नेता आलं असतं, साहेबांना काही कळलंही नसतं. मी काय केलं, तर साहेबांच्या डाव्या बाजूला होतो तो उजव्या बाजूला गेलो.

साहेबांनीही पाहिलं. म्हणाले, "दुष्काळ फारच वाढलाय हो. पण भिकाऱ्यांना आत सोडतात कसे?"

"हो ना, सर," मी म्हणालो.

एकेक गाळा करत आबा आमच्यासमोर आले आणि पोतं उघडून उभे राहिले. आमच्यात दहा पावलांचं अंतर असेल. त्यांनी मला पाहिलं, साहेबांना पाहिलं, बाईसाहेबांची पर्स माझ्या हातात आहे हेही पाहिलं आणि नजर शेठकडे वळवली. विक्रेता त्यांना हाकलायला पुढे झाला. शेठनं त्याला थांबवलं.

"काय पाहिजे, बाबा?"

"सुतार हाय जी. तुमच्या गाळ्यातल्या तीन खुर्च्या आन् ह्यो दिवान बशीवलाय. सप्ता झाला. वाट्याला आलोय."

विक्रेता हसायला लागला. शेठ हसला नाही. तो उठला, खुर्ची स्वतः उचलली आणि उलटी केली. चष्मा कपाळावर चढवून त्यानं सांधा पाहिला, अंगठ्यानं दाबला, खुर्ची हलवून पाहिली.

"बाभळीची पाचर?"

"व्हय. खिळा न्हाई मारला. खिळ्यानं लाकूड फाटतं. ही आता हलायची न्हाई."

शेठनं खुर्ची सरळ करून खाली ठेवली. मग म्हणाला, "आमच्या वडिलांच्या खळ्यावर सुतार असाच येऊन उभा राहायचा. मी विसरलोच होतो." त्यानं एका माणसाला घरी धाडलं, कोठीतली ज्वारी आणायला. आणि आबांना म्हणाला, "वाटा देतो. पण ते जाऊ द्या. माझ्या कारखान्यावर सगळे खिळे मारणारे भरलेत. उद्यापासून याल का?"

आबांचा चेहरा मी तसा त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. ते म्हणाले, "यील की जी."

"एकच आहे, बाबा. कारखान्यात माल उघडा असतो आणि दिवस असे आहेत. दोनदा हात पोळलाय माझा. नगरातला एक माणूस ओळख द्यायला पाहिजे. यांना मी ओळखतो, एवढं त्यानं म्हणायचं. बस्स. आहे का कुणी?"

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मला वडील म्हणायचीही गरज नव्हती. 'आमच्या गावचे सुतार आहेत, मी ओळखतो' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते तर मी आदल्या रविवारी चार दुकानांतून म्हणालो होतो. साहेबांना त्यात काहीच वावगं वाटलं नसतं, उलट कौतुकच केलं असतं. मग का नाही म्हणालो? कारण मला भीती वाटली, मी अर्धं खरं बोललो तर आनंदाच्या भरात आबा उरलेलं बोलून टाकतील. माझा ल्योक हाय जी, असं म्हणतील. माझी जीभ टाळ्याला चिकटली वगैरे काही नाही. ती चांगली चालत होती. मी विक्रेत्याकडे वळून विचारलं, "हे रेक्झिन ओल्या फडक्यानं पुसलं तर चालतं का हो?"

माझ्या मागून आबांचा आवाज आला, "न्हाई जी. नगरात वळखीचं कुनी न्हाई."

"मग अवघड आहे, बाबा," शेठ म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

ज्वारी यायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास आबा पोतं घेऊन तिथेच उभे होते आणि मी दहा पावलांवर रंग ठरवत होतो. बाईसाहेबांनी शेवटी चॉकलेटी घेतला. मी म्हणालो, हा जास्त भारदस्त आहे.

संध्याकाळी खोलीवर गेलो तर आबा माझ्या आधी पोचले होते. पोत्यातली निम्मी ज्वारी त्यांनी माझ्या पत्र्याच्या डब्यात ओतली होती. म्हणाले, "ज्वारी चांगली हाय. दळून आन. मिलो नको खाऊस." मी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा स्टोव्हबद्दल काहीतरी बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. सप्ताहाच्या माळा उतरवणं चालू होतं. रस्त्यात हार्डबोर्डाच्या भिंती हातगाडीवर लादून नेत होते, रंगवलेल्या खिडक्यांसकट. त्या सप्ताहाबद्दल मी आजवर जे जे वाईट बोललो आहे त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. ते लोक दिखाऊ होते, मूर्ख होते, त्यांच्या मालात भुसा होता. पण त्या मांडवात आबांचं काम कुणी ओळखलं असेल तर त्यांच्यातल्याच एका माणसानं ओळखलं. मी तेवढंही केलं नाही.

पारनेरची गाडी लागली होती. आबा म्हणाले, पोचल्यावर लगेच मस्टरवर नाव घालतो, आईच्या जोडीला. त्यानंतर पाऊस येईपर्यंत त्यांनी खडी फोडली. पाऊस आला, लोक नांगर घेऊन दारात आले, तेव्हा वाकस सरळ पडत नव्हता. ते काम पुढे चुलत्यानं केलं.

पण त्या सकाळी हात अजून चांगला होता. त्याच हातानं त्यांनी गाडीच्या दाराची दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे वळून, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना असं बघून, हळू आवाजात म्हणाले, "काल त्या शेठनं इचारलं तवा मी तुज्याकडं बघाया नको हुतं. तुजा सायब हुता संगं. माज्या ध्यानातच आलं न्हाई. चुकलं माजं."

आणि मी म्हणालो, "असू द्या, आबा."